सहा नावे

काल रात्री चिनूने विचारले, "आत्या, त्या ग्रुपमध्ये बाई कुणीच नव्हती का?" आणि मी सूझा, रझा, हुसेन, आरा, बाकरे, गाडे ही १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या मुंबईच्या कलाकार-गटाची सहा नावे घडाघडा म्हणून दाखवली आणि "नव्हती" असे सांगून मोकळी झाले. अंथरुणाला पाठ टेकल्यावर आठवले, की १९५३ मध्ये या ग्रुपच्या प्रदर्शनात आपल्या कोल्हापूरच्या भानू राजोपाध्ये यांची चित्रे होती. संस्थापक सहाच, हे खरे; पण चिनूने संस्थापक विचारले नव्हते.

ठाऊक नसते तर एवढे लागले नसते. २०२० च्या ऑक्टोबरात त्या गेल्या, वर्षअखेरीस त्यांची जुनी चित्रे लिलावात आली, तेव्हा सगळे मी मन लावून वाचले होते: चित्रकार वडील लहानपणीच गेले, जे. जे. कला महाविद्यालयात 'लेडी इन रिपोज' या चित्राला सुवर्णपदक मिळाले. तरीही त्यांचे 'गांधी' सिनेमाच्या वेशभूषेचे १९८३ चे ऑस्कर तेवढे जिभेवर राहिले आणि चित्रकार भानू माझ्याच तोंडून गळून पडली. बाईचे नाव बाईनेच गाळावे, याची रुखरुख रात्रभर गेली नाही. कपाटावर कापडात बांधून ठेवलेला माझा कॅनव्हासही आठवला, दादाचे तेव्हाचे बोलणे आठवले, आणि थोडे रडूही आले.

पहाटे चहा घेताना मात्र वाटले, की "त्यांनी चित्रकला सोडली" हे वाक्यही आपण तितक्याच सहजपणे म्हणत आलो आहोत. 'ब्रह्मचारी' सिनेमातल्या मुमताजची त्यांनीच घडवलेली ती केशरी साडी डोळ्यांसमोर आणली: निऱ्या आधीच शिवून टाकलेल्या, बाजूला चेन, म्हणजे कितीही नाचले तरी साडी सुटायची नाही आणि अंगाची रेषा कुठे मोडायची नाही. ज्या हाताने वर्षानुवर्षे मानवी देह रेखाटला, त्यालाच हे सुचते, असे मला मनापासून वाटते. हात तोच होता. कागदाच्या जागी कापड आले. माझ्या बाबतीत तसे झाले नाही, आणि आज ते मान्य करताना कालच्याइतके जड गेले नाही.

सकाळी चिनूच्या वहीत त्या सहा नावांखाली मी पेन्सिलीने लिहिले: भानू राजोपाध्ये, प्रदर्शन १९५३. तिने वाचून विचारले, "राजोपाध्ये म्हणजे ऑस्करवाल्या भानू अथैयाच ना?" मी हो म्हटले, आणि आम्ही दोघी त्यांची चित्रे शोधायला बसलो.