कुंडलची भाकरी

शेणोलीच्या रेल्वेलुटीची गोष्ट मी शाळेपासून ऐकत आले. ७ जून १९४३, इंग्रजांविरुद्ध उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारच्या तुफान सेनेच्या पोरांनी गाडी अडवली आणि पगाराची रक्कम पळवली. त्यामुळे प्रतिसरकारचं केंद्र असलेल्या कुंडलला निघाले तेव्हा डोक्यात पिस्तुलंच होती. सांगलीतले दोन दिवस लग्नघरात गेले. तिसऱ्या दिवशी किर्लोस्करवाडीहून रिक्षाने कुंडल गाठलं.

ऊन मी म्हणत होतं. पाणी मागायला एका घरात शिरले ती अडीच तासांनी बाहेर पडले.

सोप्याच्या कोपऱ्यात जातं होतं, खुंटा झिजून काचेसारखा गुळगुळीत झालेला. माझी नजर तिथे गेलेली बघून घरातल्या आजी त्यांच्या सासूबाईंचं सांगायला लागल्या. "भूमिगत लोकं रातच्याला यायची. पन रातीचं जातं फिरवायचं न्हाई. अवेळी घरघर झाली की फितुराच्या कानावर जायाची. मग पहाटंच्या दळनातच दोन मुठी जोंधळा जादा. समद्या आळीचं असंच." भाकऱ्या फडक्यात बांधायच्या, पाटीत ठेवायच्या, वर शेणी रचायच्या आणि रानात निघायचं.

"नावं ठाऊक असायची का हो?" मी विचारलं.

"इचारायचंच न्हाई, पोरी. ठावंच नसलं तर पोलिसांनी कितीबी मारलं तरी सांगनार काय?"

हे ऐकलं आणि माझ्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला. प्रतिसरकारचे नेते क्रांतिसिंह नाना पाटील ४४ महिने भूमिगत राहिले, हे वाक्य मी परीक्षेत लिहिलंय. त्या महिन्यांत रोज कुणीतरी चूल पेटवली होती, हे माझ्या कधी मनातही आलं नाही. प्रतिसरकारने न्यायनिवाडे केले, कर्जाविना गांधी-विवाह लावले, १९४३ ते १९४६ कारभार चालवला. पण त्या कारभाराचं धान्य असं मुठीमुठीने जमलं होतं. या सासूबाईंच्या नावाचा ताम्रपट घरात नाही, कुठल्या यादीत नाव नाही. मला त्याचा राग येतो. देश म्हणजे काय, असं आता मला कुणी विचारलं तर मी आधी त्या आळीतल्या जादा दोन मुठी सांगेन.

सूनबाई तव्याजवळूनच म्हणाल्या, "२०१९ ला भिलवडीकडं पूर आला, तवा आम्हीबी रातभर थापल्या की. टेंपो भरून गेला. कुनी खाल्ल्या, काय म्हाईत."

आजींनी मान हलवली, जणू त्यात सांगण्यासारखं काही नव्हतंच.

जेवल्याशिवाय सोडलं नाहीच. वर तीन भाकऱ्या, झुणका आणि कांदा फडक्यात बांधून दिला. मी नको नको म्हणत होते तर आजी म्हणाल्या, "गाडीत कुनाला लागंल."

संध्याकाळच्या गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. शेणोली मागे पडलं तेव्हा मी दाराशी उभ्यानेच फडकं सोडलं. शेजारचा ऊसतोडीचा मुलगा बघत होता. त्याला अर्धी भाकरी दिली. अजून मऊ होती.