शिट्टी न होणाऱ्या कुकरमधला पाया

आमच्या घरी पाया, म्हणजे बोकडाच्या पायांचा रस्सा, शिजला की नाही, याचा निर्णय आत्या देतात. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. वय ८४, दात मोजून सात, आणि जीभ मात्र अजून कोणालाही हार न जाणारी. सांध्यावरचे कातडे बोटाच्या नुसत्या दाबाने हाडावरून सुटले, तरच त्या "झालं" म्हणतात. नाहीतर तुकडा मुकाट्याने वाटीत परत ठेवतात, आणि ते मौन स्वयंपाक करणारीला शब्दांपेक्षा जास्त लागते. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत, सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा चालू असताना, मुलाने विजेवर चालणारा सहा लिटरचा प्रेशर कुकर आणून दिला. त्यात आत्यांच्या पसंतीचा पाया कसा करावा, हे समजायला मला दोन फसलेले प्रयोग करावे लागले.

पहिली अडचण शिट्टीची होती. आत्यांचे सगळे मोजमाप शिट्ट्यांचे. पायाला दहा शिट्ट्या आणि मग मंद आचेवर अर्धा तास, हा त्यांचा हिशेब. हे यंत्र मात्र वाफ भरताना किंचित फुसफुसते आणि झाकणावरची छोटी खीळ वर आली की एकदम गप्प होते. "अगं, हे चालू आहे की बंद पडलंय?" असे त्यांनी पहिल्या दिवशी तीनदा विचारले. माझे सासरे गिरणीच्या बॉयलर खात्यात होते, त्यामुळे वाफ, दाब आणि सेफ्टी व्हॉल्व्ह हे शब्द या घरात स्वयंपाकघराच्या आधीपासून नांदत होते. सासरे म्हणत, बॉयलरचा आवाज ऐकायचा नसतो, काटा बघायचा असतो. त्यांचे हे वाक्य आत्यांना आठवून दिले तेव्हा कुठे त्या स्वयंपाकघरातून बाहेर गेल्या.

शिट्टी ही खरे तर जादा वाफ बाहेर पडल्याची खूण आहे. पदार्थ शिजवते ते आतले तापमान आणि त्याला मिळालेला वेळ. आपले सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर असल्यामुळे इथे उघड्या पातेल्यातले पाणी ९८ ते ९९ अंशांनाच उकळते. शिट्टीच्या कुकरमध्ये पूर्ण दाब आला की तापमान १२० अंशांच्या जवळ जाते. विजेचे बहुतेक घरगुती कुकर त्याहून थोड्या कमी दाबावर, म्हणजे साधारण ११५ ते ११७ अंशांवर काम करतात. त्यामुळे शिट्टीच्या कुकरची वेळ विजेच्या कुकरला जशीच्या तशी लावली तर तुकडा चामड्यासारखा राहतो, आणि माझा पहिला प्रयोग नेमका असाच फसला. पाश्चात्त्य पाककृतींत दिलेली मिनिटे आणि आपल्या आयांच्या शिट्ट्या यांचा मेळ बसत नाही, त्याचे अर्धे कारण या चार-पाच अंशांत आहे. गंमत अशी की बंद झाकणाखाली वाफ कोंडून शिजवण्याचे पहिले भांडे देनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ साली लंडनमध्ये दाखवले, ते मुळी हाडे मऊ करण्यासाठीच होते. भात-डाळीची सोय नंतरची. पाया हाच या यंत्राचा मूळ धंदा म्हणायला हरकत नाही.

पायात मांस जवळजवळ नसतेच. जे असते ते कातडे, स्नायूंची टोके हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या आणि सांध्यांची कुर्चा, आणि यांतला चिवटपणा कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचा असतो. पाणी आणि उष्णता पुरेसा वेळ मिळाली की हे कोलॅजेन सुटून त्याचे जिलेटिन होते; तेच रश्शाला अंग देते आणि तेच जेवताना ओठाला ओठ चिकटवते. उघड्या पातेल्यात याला चार-पाच तास लागतात, दाबाखाली तासाभरात काम होते. फऱ्याचे मटण इतका वेळ ठेवले तर त्याचे कोरडे दोरे होतात, पण पायाला ती भीती नाही. त्याला दुसरी आहे. दीड तासावर गेले की लहान हाडे खडूसारखी भुसभुशीत होऊन त्यांचा चुरा रश्शात उतरतो, आणि सात दातांच्या माणसाच्या वाटीत हाडाचा चुरा परवडत नाही.

पाय घेताना मी बोकडाचे वय विचारते. आमच्याकडे येणारी बहुतेक जनावरे उस्मानाबादी जातीची, काळी, उंच पायांची असतात. दोन दाती, म्हणजे दोनच पक्के दात आलेला कोवळा बोकड असेल तर पाय लवकर शिजतात. जनावर जितके जून तितके कोलॅजेनचे धागे एकमेकांत घट्ट गुंतलेले, म्हणून चार किंवा सहा दाती बोकडाला पंधरा-वीस मिनिटे जास्त द्यावी लागतात. खाटीक पाय जाळावर भाजून, केस काढून, खूर उडवूनच देतो, पण त्याच्या भाजण्यावर विसंबू नये. घरी आणल्यावर मी ते गॅसच्या ज्योतीवर पुन्हा एकदा फिरवते, सुरीच्या पाठीने खरवडते आणि खुरांच्या बेचक्यात राहिलेले केस हमखास बघते, कारण रश्शाला येणारा उग्र वास बहुतेक वेळा तिथूनच येतो. मग हळद आणि ज्वारीचे पीठ चोळून दहा मिनिटे ठेवायचे आणि तीन-चार पाण्यांनी धुवायचे. ज्या दिवशी नळाला पाणी असते त्याच दिवशी आमच्याकडे पाया होतो, हे सोलापूरकरांना समजावून सांगायची गरज नाही.

धुतलेले आठ पाय मी आधी साध्या पातेल्यात पाच मिनिटे उकळून ते पाणी फेकून देते. हा टप्पा कंटाळवाणा आहे, पण तो गाळला की फेसाचा मळ कुकरच्या वाफेच्या तोंडाशी जाऊन बसतो. त्यानंतर पाय कुकरच्या भांड्यात घालून तुकडे जेमतेम बुडतील इतकेच पाणी घालायचे. या कुकरमधून वाफ जवळजवळ जातच नाही, म्हणून शिट्टीच्या कुकरच्या सवयीने ओतलेले दोन तांबे जादा पाणी शेवटी तसेच शिल्लक राहते आणि अळणी, म्हणजे पाय शिजवलेले बिनमसाल्याचे पाणी, पुचकट होते. सोबत हळद, ठेचलेले आले-लसूण, एक उभा चिरलेला कांदा आणि थोडे मीठ. भांडे दोन तृतीयांशाच्या रेघेवर जाऊ द्यायचे नाही. जास्त दाबावर, दोन दाती बोकडासाठी ४५ मिनिटे आणि जून जनावरासाठी ६० ते ६५. ही मिनिटे यंत्र पूर्ण दाब आल्यावर मोजू लागते, त्याआधीची पंधरा-वीस मिनिटे वेगळी; पाहुणे दारात आल्यावर हा कुकर लावून चालत नाही.

वेळ संपल्यावर वाफेची कळ फिरवू नये, हे मी दुसऱ्या प्रयोगात शिकले. घाई होती, म्हणून कळ फिरवली, तर चिकट, तुपकट रश्शाचा फवारा थेट मांडणीवरच्या डब्यांवर उडाला. पुढच्या वेळी आत्यांनी उपाय म्हणून त्या तोंडावर आपला जाड सोलापुरी टॉवेल टाकण्याची तयारी केली होती. ती मी हात धरून थांबवली, कारण वाफेचा मार्ग कशानेही झाकायचा नसतो. दाब अचानक उतरला की आतले द्रव एकदम खळखळून उकळते, वंगण, म्हणजे वर तरंगणारी चरबी, ढवळले जाऊन रस्सा गढूळ होतो आणि मऊ कातडे फाटते. यंत्र बंद करून तीस-पस्तीस मिनिटे तसेच सोडले तर खीळ आपोआप खाली बसते आणि त्या वेळातही आत शिजणे चालूच असते. एकदा उन्हाळ्यात चाळिसाव्या मिनिटाला वीज गेली. मी झाकणाला हात न लावता तासभर वाट पाहिली आणि पाया उत्तम झाला होता.

माझा पुतण्या जर्मनीत शिकतो. तिथे डुकराच्या पायाचा गुडघ्यालगतचा भाग, जाड कातड्यासकट, खाटकाकडे सहज मिळतो; बर्लिनकडे तो खारवून उकडतात आणि त्याला आइसबाइन म्हणतात, तर बव्हेरियात तो भाजून कातडे कुरकुरीत करतात. त्याच्याकडेही असाच कुकर आहे आणि त्याने फोनवर विचारले, "काकू, याला किती वेळ देऊ?" तत्त्व तेच आहे, फक्त तुकडा किलोभराचा, मांसल आणि कातडे जाड, म्हणून ताज्या तुकड्याला मी ६० ते ७० मिनिटे आणि नंतर शांतपणे दाब उतरू देणे सुचवले. खारवलेला असेल तर आधी पाण्यात भिजवून ठेवावा आणि वरून मीठ मुळीच घालू नये. त्याने शिजलेला तुकडा नंतर कडक भट्टीत ठेवून कातडे फुलवले आणि फोटो पाठवला. आत्यांनी फोटो पाहून एवढेच विचारले, की यात रस्सा कुठे आहे.

रस्सा मात्र या यंत्रात करू नये, असे माझे ठाम मत आहे. मसाला भाजण्याची सोय त्यात आहे, पण तळाला जरा दाट काही लागले की ते इशारा देऊन थांबते, आणि येसर, म्हणजे रस्सा दाट करणारे भाजलेल्या धान्याचे मसालेदार पीठ, आधीच घातली तर हमखास थांबते. मी अळणी गाळून बाजूला ठेवते. लोखंडी कढईत तेल तापवून कांदा, खोबरे, तीळ यांचे भाजलेले वाटण आणि काळा मसाला तेल सुटेपर्यंत परतते, मग अळणी ओतून उकळी आली की पाण्यात कालवलेली येसर लावते. पायाचे तुकडे शेवटची दहा मिनिटेच त्यात जातात, तेही पळीने न ढवळता. सोबत मालदांडी ज्वारीची भाकरी. आत्यांसाठी मऊ, बाकीच्यांसाठी कडक, रश्शात चुरून. पाया खाल्ला की गुडघे सुधारतात अशी आत्यांची श्रद्धा आहे. पोटात गेलेले जिलेटिन इतर प्रथिनांसारखेच पचते, थेट गुडघ्यात जाऊन बसत नाही, हे मी एकदा सांगून पाहिले. आता सांगत नाही.

झाकणातली सिलिकॉनची कडी वास धरून ठेवते, हे मात्र आधी कोणी सांगायला हवे होते. पायानंतर चार दिवसांनी त्याच कुकरमध्ये केलेली गव्हाची खीर आमच्या घरात कोणीही संपवली नाही. आता दोन कड्या आहेत, लाल सामिषाची आणि पांढरी गोडाची, आणि लाल कडी धुतल्यावर उन्हात वाळते. उरलेली अळणी रात्री फ्रिजमध्ये ठेवते. सकाळी तिच्यावर वंगणाचा पांढरा थर आणि खाली थरथरणारी घट्ट वडी दिसली, तर पाणी बेताचे पडले होते. वडी न बांधता पातळच राहिली, तर पुढच्या वेळी एक तांब्या पाणी कमी.