फाउंटनचा अर्धा सेकंद

मुंबईत हुतात्मा चौकातून, म्हणजे जुन्या फ्लोरा फाउंटनपासून, महात्मा गांधी रस्त्याने निघाले की विदेश संचार भवन लागते; परदेशी फोन जोडणाऱ्या विदेश संचार निगम या तेव्हाच्या सरकारी कंपनीचे हे कार्यालय. आज तिथे क्वचितच कोणी मान वर करून पाहतो. परंतु 1987 च्या सुमारास आमच्या घरात ‘फाउंटनला जायचे आहे’ याचा अर्थ लंडनच्या मामाशी बोलायचे आहे, असाच होत असे. मुंबई ते लंडन थेट डायल करण्याची सोय 1976 मध्येच झाली होती, पण आमच्या घरी फोनच नव्हता, तेव्हा ती सोय आमच्या काय कामाची!

हिवाळ्यात लंडनचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. मामा कामावरून परतेपर्यंत आमचे साडेअकरा वाजत, आणि तिथला परदेशी फोनचा काउंटर रात्रंदिवस उघडा असल्यामुळे आम्ही दादरहून चर्चगेटची लोकल पकडून तिथे जात असू. बाकांवर आखातात नोकरीला गेलेल्यांची माणसे बसलेली असत. आईच्या हातात विचारायच्या गोष्टींची यादी असे; वडिलांचे डोळे मात्र घड्याळावर खिळलेले.

आईचा आवाज तिथून मायक्रोवेव्ह रेडिओलहरींवरून नारायणगावाजवळच्या आर्वीला जाई. 1971 पासून तिथे सुमारे 30 मीटर व्यासाची अवाढव्य तबकडी आकाशाकडे तोंड करून उभी होती. तिथून सुमारे 36,000 किलोमीटर वर उपग्रहाकडे आणि तितकेच खाली इंग्लंडात, असा त्या आवाजाचा प्रवास. ‘बाळंतपण नीट झालं ना?’ हा प्रश्न पोहोचायला पाव सेकंद आणि ‘हो’ परत यायला पाव सेकंद लागे. तो अर्धा सेकंद आईला कधीच सोसला नाही. मामा गप्प का, म्हणून ती दुसरा प्रश्न टाकी, तोच पहिल्याचे उत्तर येऊन त्यावर आदळे. मग दोघेही थबकत आणि पुन्हा एकदमच बोलू लागत. परतीच्या लोकलमध्ये ‘दादा रागावलाय का हो?’ असे ती वडिलांना विचारी. उपग्रहाची उंची तिला समजावून सांगणे वडिलांना एकदाही जमले नाही.

1995 च्या 15 ऑगस्टला याच विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. आता मामा व्हिडिओ कॉलवर समोरच दिसतो. आईने काही विचारले की तो सवयीने क्षणभर थांबतो, आणि तेवढ्यात ती दुसरा प्रश्न विचारून मोकळी होते.