तुम्ही विचारलंत म्हणून: नकारात्मक विचारांचं मी काय करते?

"तुम्ही इतक्या शांत कशा? तुमच्या मनात वाईटसाईट विचार येतच नाहीत का?" असं मला बरेच जण विचारतात. येतात हो. एकामागून एक येतात, आणि मुहूर्त शोधून रात्री दिवा मालवल्यावरच येतात. 'मन चिंती ते वैरी न चिंती' म्हणतात ते उगीच नाही. मी फक्त त्यांना हाकलायच्या फंदात पडत नाही.

हाकलून ते जातही नाहीत. डॅनियल वेग्नर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचा १९८७ सालचा प्रयोग प्रसिद्ध आहे. त्याने विद्यार्थ्यांना सांगितलं, पाच मिनिटं मनात येईल ते बोलत राहा, फक्त पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. आलाच तर घंटा वाजवा. घंटा वाजतच राहिली. पुढे त्याच मुलांना 'आता खुशाल करा अस्वलाचा विचार' म्हटलं, तेव्हा ज्यांना आधी मनाई नव्हती त्यांच्यापेक्षा यांच्या डोक्यात अस्वल जास्त वेळा आलं. विचार आला का हे तपासत राहायचं तर तो ध्यानात ठेवावाच लागतो, ही त्यातली मेख.

आणि असे विचार काही आपल्या एकट्याच्याच वाट्याला येत नाहीत. १९७८ साली रॅकमन आणि डी सिल्वा या मानसशास्त्रज्ञांनी कुठलाही मानसिक आजार नसलेल्या लोकांना विचारलं, तेव्हा सुमारे ८० टक्के लोकांनी नकोसे, विचित्र विचार मनात घुसतात असं सांगितलं. म्हणजे शेजारी बसलेल्या हसतमुख माणसाच्या डोक्यातही हेच चाललेलं असू शकतं. मला हे वाचून केवढं हायसं वाटलं होतं!

मग त्रास कशाचा होतो? परवाचंच घ्या. एका मैत्रिणीला लांबलचक मेसेज पाठवला. निळ्या टिक उमटल्या, उत्तर नाही. संध्याकाळ झाली तरी नाही. 'तिला राग आला असेल' इथवर ठीक होतं. मग 'माझं बोलणंच तसलं', मग 'मला माणसं जोडताच येत नाहीत', आणि शेवटी 'मी आहेच अशी'. न आलेल्या एका उत्तरावरून मी माझ्या अख्ख्या जन्माचा निकाल लावून मोकळी! पहिलं वाक्य नुसता अंदाज होता. छळलं ते शेवटच्या वाक्याने.

अशा वेळी मी कागद घेते. वर लिहिते, काय घडलं: 'मेसेज वाचला, उत्तर आलं नाही.' त्याखाली मी काढलेला अर्थ. 'ती कामात असेल' अशी स्वतःची समजूत मी मुद्दाम घालत नाही. असेलही कामात, पण मग माझं बरं वाटणं पुन्हा तिच्या उत्तरावरच टांगलेलं राहतं. उलट लिहिते, 'समजा, ती खरंच चिडली आहे. मग?' मग वाईट वाटेल. फोन करावा लागेल. कदाचित माफीही मागावी लागेल. पण एवढ्यावरून मी माणूस म्हणून टाकाऊ ठरते का? इथे पेन अडतं. लिहायला काही सापडतच नाही.

ही रीत माझी नव्हे. अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९५५ च्या सुमारास जी उपचारपद्धती मांडली, जिला आपण विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतो, तिच्या मुळाशी हेच आहे: कृतीला जरूर गुण द्या, माणसाला देऊ नका. एलिस स्वतः तरुणपणी मुलींशी बोलायला घाबरायचे. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी न्यूयॉर्कच्या एका बागेत बाकावर एकट्या बसलेल्या स्त्रियांशी जाऊन बोलायचा सपाटाच लावला. शंभरेक जणींशी बोलणं झालं, त्यांतली एक भेटायला कबूल झाली आणि तीही आली नाही! पण इतके नकार पचवूनही आपलं काहीच बिघडलं नाही, हे कळलं आणि भीती गेली. धीट झाल्यावर ते बोलायला गेले नाहीत, घाबरट होते तसेच गेले, हा भाग मला फार आवडतो.

"पण स्वतःला आहे तसं स्वीकारलं तर माणूस सुधारेल कशाला?" हा पुढचा ठरलेला प्रश्न. मी तर उलटंच पाहिलंय. चूक कबूल केली की आपण वाईट ठरलो, असं ज्याला वाटतं तो चूक झाकतो, नाहीतर दुसऱ्यावर ढकलतो. ज्याला ती भीती नाही तो 'हो, चुकलं' म्हणून कामाला लागतो. 'मी उत्तम आहे, मी समर्थ आहे' असं आरशासमोर घोकणंही मला मानवत नाही. तो निकालच, फक्त आपल्या बाजूने लावलेला. पुढच्या अपयशाला फिरतो.

कागद-पेन सगळ्याला पुरत नाही, हेही सांगायला हवं. दोनेक आठवडे झोप-भूक उडालेली असेल, कशातच मन लागत नसेल तर डॉक्टरांकडे जा. जीव नकोसा वाटत असेल तर आजच्या आज. 'डॉक्टरकडे जावं लागलं म्हणजे मी कमकुवत' असं मन म्हणेलच. म्हणू दे. घरातलं कुणीतरी सोबत न्या, त्या दिवसांत एकट्याने दवाखान्याची पायरी चढणं जड जातं.