नागलीच्या पिठातलं कॅल्शियम मोजताना

धडगावकडच्या एका महिला बचत गटाला नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, पिठाच्या पाकिटावर कॅल्शियमचा आकडा छापायचा होता. मी तेव्हा जळगावला एम.एस्सी. करत होते आणि प्रोजेक्टला विषय हवाच होता. नागलीबरोबर घरचं कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ आणि रावेरकडची केळ्याची पावडरही घेतली.

मोजणी अ‍ॅटॉमिक अ‍ॅब्सॉर्प्शन स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे एएएसवर होती. द्रावण ज्योतीत फवारलं की त्यातले अणू सुटे होतात आणि प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठरलेल्या तरंगलांबीचा प्रकाश शोषतं. कॅल्शियमसाठी ती ४२२.७ नॅनोमीटर, लोहासाठी २४८.३, जस्तासाठी २१३.९. रीडिंग काही सेकंदांत मिळतं. सगळी मेहनत त्याच्या आधीची, आणि आकडा खरा की खोटा हे तिथेच ठरतं, असं माझं ठाम मत झालंय.

आधी ओलावा. केळ्याची पावडर हवेतलं पाणी इतकं ओढते की पावसाळ्यात डबा जरा उघडा राहिला तरी गोळे होतात. म्हणून सगळे नमुने १०५ अंशांवर वाळवून, डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) गार करूनच वजन केले. मग दळणाचा प्रश्न. तीच नागली थोडी गिरणीतून दळून आणली, थोडी प्रयोगशाळेत अगेटच्या (अकीक दगडाच्या) खलात कुटली. गिरणीच्या पिठात लोह जास्त निघालं. ते दाण्यातलं नव्हतं, यंत्राच्या झिजेतून आलेलं होतं. लोहाचा आकडा वाचताना दळण कुठलं हे विचारायलाच हवं.

द्रावण करण्याआधी पिठाची राख करावी लागते, आणि त्याला धीर लागतो. क्रुसिबलमधलं (उष्णता सोसणाऱ्या छोट्या भांड्यातलं) पीठ आधी बर्नरवर मंद जाळायचं, धूर थांबेपर्यंत. घाई केली तर पीठ फुगून बाहेर येतं. मग मफल फर्नेसमध्ये, म्हणजे भट्टीत, ५५० अंश. त्याच्या फार वर नेलं तर पोटॅशियम-सोडियम उडून जायला लागतात. करड्या राखेत काळे ठिपके दिसले की कार्बन शिल्लक आहे असं समजायचं, नायट्रिक आम्लाचे दोन-चार थेंब टाकायचे, सुकवायचं आणि परत भट्टीत. काचेची भांडी आदल्या रात्रीच पातळ नायट्रिक आम्लात बुडवून ठेवायची. नळाच्या पाण्यातलं कॅल्शियम काचेला चिकटून राहिलं तर तेही नागलीच्या नावावर जमा होतं.

एवढं करूनही नागलीचं कॅल्शियम अपेक्षेपेक्षा बरंच कमी दिसत होतं. कारण फॉस्फेट. नागलीत फॉस्फरस भरपूर असतो आणि हवा-अ‍ॅसिटिलीनच्या ज्योतीत कॅल्शियम फॉस्फेट नीट फुटत नाही, त्यामुळे सुटे अणूच कमी तयार होतात. आमच्या सरांनी लँथेनम क्लोराइड घालायला सांगितलं. लँथेनम फॉस्फेटला धरून ठेवतं आणि कॅल्शियम मोकळं होतं. मात्र ते नमुन्यात, स्टँडर्डमध्ये (कॅल्शियमचं प्रमाण माहीत असलेल्या द्रावणात) आणि ब्लँकमध्ये (नमुना नसलेल्या द्रावणात) सारख्याच प्रमाणात हवं. ते घातल्यावर रीडिंग चढलं आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यातल्या १०० ग्रॅमला ३६४ मिलिग्रॅमच्या जवळ आलं. तरी खात्रीसाठी एका नमुन्यात मोजून कॅल्शियम मिसळलं आणि ते जवळपास पूर्ण परत मिळतंय का, हे पाहिलं. मिळालं, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

कळण्याच्या पिठाचं सोडियम मात्र मी अहवालात वेगळं लिहिलं. आमच्याकडे ज्वारी-उडदाच्या दळणातच खडे मीठ टाकतात, त्यामुळे तो आकडा धान्याचा नव्हे, मिठाचा.

आकडा तयार झाल्यावर गटातल्या एका ताईंनी फोनवर विचारलं, "मॅडम, एवढं सगळं अंगाला लागतं ना?" नाही लागत. नागलीतलं फायटेट नावाचं संयुग कॅल्शियम बांधून ठेवतं. मोड आणले तर फायटेट बरंच कमी होतं. म्हणून पाकिटावर 'शरीराला मिळणारं कॅल्शियम' असं लिहू नका, असं मी त्यांना स्पष्ट सांगितलं. आणि आकडा वाळवलेल्या पिठाचा असल्यामुळे ओलाव्याचा हिशेब धरून पाकिटासाठी वेगळा काढून दिला. तो थोडा लहान आला, पण त्यांनी तोच छापला.