तोंडी ऑर्डर नक्की कुणाची?

नाइट ड्यूटी, अडीचचा सुमार. सेप्सिसचा, म्हणजे संसर्ग अंगभर भिनलेला पेशंट, मीन प्रेशर (सरासरी रक्तदाब) 54. प्रोटोकॉलप्रमाणे किलोला 30 मिली सलाइन देऊन झालं होतं, तरी आकडा 65 कडे सरकायला तयार नाही. मी डॉक्टरांना फोन लावला, सगळं सांगितलं आणि रक्तदाब वाढवणाऱ्या औषधाबद्दल विचारलं, ‘सर, नॉरअ‍ॅड सुरू करू?’ पलीकडून झोपाळलेला आवाज आला, ‘करा.’ केसपेपरवर मी लिहिलं, ‘तोंडी ऑर्डरनुसार’. निर्णय माझा, नाव त्यांचं. काही बिनसलं असतं तर कोण कुणाकडे बोट दाखवणार होतं, हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

क्रिटिकल केअर नर्सिंगमधली मास्टर्स हातात असूनही वर्षभर मी अशीच काम करत होते. शेवटी क्लिनिकल प्रिव्हिलेजसाठी, म्हणजे ठरावीक कामं स्वतःच्या नावावर करायच्या हॉस्पिटलच्या लेखी परवानगीसाठी, अर्ज केला. तोपर्यंत मला वाटायचं, डिग्री आणि रजिस्ट्रेशन तपासलं की झालं. ते झालं क्रेडेन्शियलिंग, म्हणजे बाई खरी आहे का एवढंच. ती इथे नेमकं काय करू शकते, हा प्रश्न वेगळा असतो आणि खरा घाम तिथेच फुटतो.

पहिली फाइल परत आली. मी त्यात ‘प्रगत परिचर्या’, ‘स्वायत्त निर्णयक्षमता’ असलं भारदस्त काहीबाही लिहिलं होतं. कमिटीतल्या एका मॅडमनी एवढंच विचारलं, ‘तुम्ही क्लिनिकल नर्स स्पेशालिस्ट की नर्स प्रॅक्टिशनर?’ आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेच्या 2020 च्या मार्गदर्शिकेत या दोन भूमिका वेगळ्या मांडल्या आहेत (पहिली एका शाखेतली तज्ज्ञ नर्स, दुसरी स्वतः निदान करून उपचार ठरवणारी), आणि मी दोन्हींची खिचडी केली होती. कोलोरॅडोत 1965 मध्ये लोरेटा फोर्ड या परिचारिकेने आणि हेन्री सिल्व्हर या डॉक्टरांनी मिळून नर्स प्रॅक्टिशनरचा पहिला अभ्यासक्रम सुरू केला, हे मला पाठ होतं. पण माझ्या वॉर्डात मी कोण, हे सांगता येईना.

दुसऱ्यांदा एकेक काम वेगळं काढलं. आर्टिरियल लाइन (धमनीत घालायची बारीक नळी), व्हेंटिलेटरची सेटिंग, नॉरअ‍ॅड किती डोसपर्यंत वाढवायचं. सगळ्यात जास्त वेळ ‘फोन कधी करायचा’ या पानाने खाल्ला. ते पान मी सात वेळा लिहिलं. मला काय येतं हे लिहिणं सोपं असतं. कुठे थांबेन, हे लिहिताना पेन अडतं.

लॉगबुकात एक फसलेली आर्टिरियल लाइनही होती. रक्त उसळून आलं, पण नळीला वाट देणारी गाइडवायर पुढे सरकेना. दोन प्रयत्नांनंतर मी थांबले, मनगट दाबून धरलं आणि सीनियरना बोलावलं. नोंद ठेवू की नको, यावर दोन दिवस घालवले. कमिटीने नेमकं तेच पान उघडलं आणि अर्धा तास त्यावरच बोलणं झालं.

मग विमा, कामात काही चुकलं तर संरक्षण देणारा. विमावाले म्हणाले, आधी कामाची लेखी व्याप्ती आणा. हॉस्पिटल म्हणालं, आधी पॉलिसी आणा. दीड महिना मी मधल्यामध्ये! शेवटी मसुद्यावर ‘प्रस्तावित’ असं लिहून सही मिळवली, तेव्हा ते चाक फिरलं.

डॉक्टरांचा विरोध होईल याची तयारी होती. लागलं ते चहाच्या वेळी मैत्रिणीनं विचारलेलं, ‘आता तू आमच्यातली का त्यांच्यातली?’ तिचंही चूक नव्हतं. मी राउंडला गेले की माझे पेशंट तिच्या अंगावर पडायचे आणि त्याचा हिशोब कुठल्याच फॉर्मवर नव्हता. म्हणून वेळापत्रकात माझी जागा वेगळी दाखवा, अशी मागणी अर्जाला जोडली. ती मात्र पहिल्या फटक्यात मान्य झाली.

सही झाली, पण सगळ्यावर नाही. नॉरअ‍ॅड ठरलेल्या डोसपर्यंत माझ्या नावावर, त्यापुढे फोन. नार्कोटिक्स (मॉर्फिनसारखी औषधं) नाहीत. सहा महिन्यांनी फेरतपासणी. सेंट्रल लाइनसाठी (मोठ्या शिरेत घालायची नळी) देखरेखीखालच्या दहा सह्या हव्यात. आतापर्यंत तीन झाल्यात.