दापोलीत समुद्राआधीची गावं

दापोली म्हटलं की गाड्या थेट किनाऱ्याकडे धावतात. या वेळी आम्ही समुद्र संध्याकाळवर टाकला आणि दिवसभर इथल्या माणसांची गावं पाहत हिंडलो.

आसूद मागे पडलं की मुरूडपर्यंत नारळी-पोफळीची सोबत असते. जांभ्याचे गडगे, त्यांवर शेवाळ, वाडीतून खळखळणारं पाटाचं पाणी आणि दुर्गादेवीच्या मंदिरातले कोरीव लाकडी खांब. हे धोंडो केशव कर्वे यांचं गाव. परीक्षेसाठी हा मुलगा इथून घाट चढून, चार दिवस चालत साताऱ्याला गेला. तिथल्या अधिकाऱ्याला तो सतरा वर्षांचा वाटला नाही, म्हणून त्याला परीक्षेला बसूच दिलं नाही. वाचताना ही गोष्ट चटकन संपते. कुंभार्ली घाट डोळ्यांसमोर आणला की छातीत कळ येते.

पुढे गावासाठी 'मुरूड फंड' उभारणाऱ्या याच कर्व्यांनी १८९३ साली गोदूबाई या विधवेशी विवाह केला, आणि मुरूडने त्यांना वाळीत टाकलं. गावाने तोंड फिरवलं, घरच्यांना त्याचा जाच झाला, तरी त्यांनी गावावर राग धरला नाही. हिंगण्याचा आश्रम, १९१६ सालचं महिला विद्यापीठ, १९५८ सालचं भारतरत्न हे सगळं त्यानंतरचं. आज गावात त्यांचा पुतळा आहे. मी त्याच्यासमोर बराच वेळ उभा होतो.

जवळच मुर्डी. १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले, आलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे इथले. ते कर्व्यांचे नात्यातले. त्यांच्या शिक्षणाला आधार कर्व्यांचाच.

पालगडला साने गुरुजींचं घर आहे. 'श्यामची आई' वाचून वाढलेल्या माणसाला त्या उंबऱ्यात पाऊल टाकताना गलबलून येतं. पण मला तिथे आठवलं ते पंढरपूर. खोतांच्या घरात जन्मलेल्या या माणसाने १९४७च्या मे महिन्यात विठ्ठलाचं देऊळ अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून प्राण पणाला लावले होते.

मग वणंद. रमाबाई आंबेडकरांचं हे माहेर. वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरातून माशांच्या टोपल्या बाजारात वाहून नेत. आईवडील लवकर गेले, पोरकी रमा मुंबईला काकामामांकडे आली, आणि भायखळ्याच्या बाजारात, रात्री बाजार उठल्यावर तिचं लग्न लागलं. नवरा परदेशी शिकत असताना तिने संसार ओढला. चार लेकरं गमावली. २७ मे १९३५ रोजी ती राजगृहात गेली. बाबासाहेबांनी 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ तिला अर्पण केला, तोही 'रामू' या घरच्या नावाने.

बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे इथून पुढे मंडणगड तालुक्यात. त्यांचे वडील रामजी सुभेदार पेन्शनीत निघाल्यावर काही काळ दापोली कॅम्पातच राहत होते. म्हणजे कर्वे आणि आंबेडकर, दोन्ही भारतरत्नांची मुळं याच मुलखात. पण मुरूडची पाटी पर्यटकांना पाठ असते आणि वणंदची वाट विचारत जावी लागते, याची मला खंत वाटते. दापोलीला जाल तेव्हा आधी वणंदला जा. समुद्र संध्याकाळीच बघायचा असतो.